दिवाळीची तयारी आषाढात

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुत्रं घरात दिसेनासं झालं, तर आधी बाथरूममध्ये बघावं. बादलीच्या मागे, भिंतीला पाठ लावून ते बसलेलं असतं. घरात सोफा, पलंग, गाद्या असताना ओल्या फरशीवर जाऊन बसायचं, म्हणजे आपल्याला तो वेडेपणा वाटतो आणि आपण त्याला गळपट्ट्याला धरून बाहेर ओढतो. पण जरा त्या खोलीकडे बघा. बहुतेक फ्लॅटमध्ये ती सगळ्यांत लहान खोली. खिडकी असली तर हातभर, तीही डक्टकडे उघडणारी. आवाज तिथे कमी येतो, रॉकेटचा उजेड येत नाही, पाठीमागून कोणी येण्याची भीती नाही. म्हणजे कुत्र्याने सगळं घर तपासून अचूक जागा निवडलेली असते. चुकतो तो ओढणारा.

आमची खारी पहिल्या दिवाळीत तिथेच होती. रस्त्यावरून आणलेली, खारी बिस्किटाच्या रंगाची, असेल वर्षा-दीड वर्षाची. मीही तिला ओढूनच बाहेर काढलं. "काही नाही गं, फटाकेच आहेत," म्हणत उचलून खिडकीपाशी नेलं. एकदा बघितलं की भीती मोडेल, असा माझा हिशेब. तिने माझ्या अंगावर लघवी केली आणि पुढे आठवडाभर, भर दुपारीसुद्धा, ती त्या खिडकीकडे फिरकली नाही. त्यानंतर जे शिकलो, वाचलं, करून बघितलं ते इथे सांगतो आहे. उदाहरण फटाक्यांचं असलं तरी दाराची बेल, डॉक्टरांचं टेबल, नखं कापायची कात्री, शेजारचा लॅब्रेडोर अशा कुठल्याही धास्तीवर याच वाटेने जावं लागतं.

सुरुवात कानापासून करू. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत. शिवाय आपल्या गावीही नसलेले बारीक आवाज ते टिपतं. फटाक्याच्या आवाजाला आपल्याकडे कायद्याची मर्यादा आहे, फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. पार्किंगच्या चार भिंतींत घुमणारा सुतळी बॉम्ब ती पाळतो की नाही, हे मोजायला कोणी बसलेलं नसतं. तरी नुसता दणका हे काही भीतीचं एकमेव कारण नव्हे. ढग गडगडायच्या आधी हवा बदलते, वारा सुटतो, वास येतो. फटाका आगाऊ खबर देत नाही. कुठून आला, पुन्हा कधी येणार, किती वेळ चालणार, काही कळत नाही आणि पळायला जागाही नसते. अशा वेळी शरीर आपली आणीबाणी पुकारतं. छाती धडधडते, धाप लागते, स्नायू ताठतात, पचनाचं काम बंद पडतं. म्हणून भेदरलेलं कुत्रं समोर ठेवलेल्या चिकनकडे बघतसुद्धा नाही. ते चिकन लक्षात ठेवा, पुढे तोच आपला थर्मामीटर होणार आहे.

अन्नावरची वासना उडणं ही फार पुढची पायरी. तोवर कुत्रं बरंच काही सांगून मोकळं झालेलं असतं, तोंडातून आवाज न काढता. समोर खाऊ नसताना जिभेने नाकाचा शेंडा चाटणं. झोप आलेली नसताना जांभई. एक पंजा उचलून धरणं. अंग ओलं नसताना ते झटकणं. तोंड एकीकडे फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, तेव्हा बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते. आणि सगळ्यांत चटकन निसटणारी खूण म्हणजे उघडं, सैल तोंड एकाएकी मिटणं आणि क्षणभर थिजणं. नॉर्वेच्या तुरिद रुगास यांनी अशा खुणांची यादी करून लोकांना कुत्र्याकडे बघायला शिकवलं. प्रत्येक खूण समोरच्याला शांत करण्यासाठीच असते, हे त्यांचं म्हणणं सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. पण या खुणा एकापाठोपाठ एक दिसल्या तर कुत्रं अडचणीत आहे, एवढं नक्की समजावं.

यासाठी एक सोपा गृहपाठ. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय असा फोटो कधीतरी येतोच. खाली दहा जणांनी बदाम पाठवलेले असतात. त्या फोटोत मुलाकडे न बघता कुत्र्याचं तोंड बघा. मिटलंय का? कान मागे आहेत का? पांढरी कोर दिसते का? अशा अर्ध्याअधिक फोटोंत मला मिठीतून सुटू पाहणारं कुत्रं दिसतं. आता मी त्या ग्रुपवर काही बोलत नाही. दोनदा बोललो, दोन्हीदा "तुला सगळ्यात खोट दिसते" असं ऐकून घेतलं.

या मूक खुणा वाया गेल्या की कुत्रं गुरगुरतं, आणि इथे आपण मोठी चूक करतो. गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा समजून आपण त्याच्या नाकावर चापट मारतो. कुत्रं गप्प होतं, आपल्याला वाटतं सुधारलं. भीती जिथल्या तिथे असते, फक्त ती कळवायचा रस्ता आपण बंद केलेला असतो. पुढच्या वेळी ते कळवत नाही, थेट दात लावतं. मग "काही कारण नसताना चावलं हो" असं आपणच लोकांना सांगतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पशुवैद्यकीय रुग्णालयात आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं, की आतापर्यंत तुम्ही काय काय उपाय केलेत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्के मालकांवर कुत्रं उलटलं होतं. जे कुत्र्यावर उलट गुरगुरले, त्यांच्यातल्या ४१ टक्क्यांवर. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांवर. माणसाने हात उगारल्यावर कुत्र्याने दात काढले, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता भीती आतून बदलते कशी, ते बघू. रशियातल्या इव्हान पावलोव्ह यांचं मूळ काम पचनसंस्थेवरचं, १९०४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कुत्र्याला खाऊ दिल्यावर किती लाळ सुटते हे मोजताना एक अडचण आली. खाऊ पुढे यायच्या आधीच कुत्र्यांना लाळ सुटायला लागली. खाऊ आणणारा माणूस दिसला तरी सुटायची. पावलोव्ह यांनी मग मेट्रोनोमच्या ठोक्यांसारखे आवाज वापरून याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. ज्याचा जिभेशी काडीचा संबंध नाही असा आवाज पुन्हा पुन्हा खाण्याच्या आधी आला, की शरीर त्या आवाजालाच खाण्याची वर्दी समजू लागतं. इथे कुत्रं विचार करून काही ठरवत नाही. चिंच नुसती बघून आपल्या तोंडाला पाणी सुटतं, तसंच हे.

फटाक्याचं नेमकं उलटं झालेलं असतं. तो आवाज संकटाची वर्दी बनलेला असतो. आपल्याला वर्दी तीच ठेवून निरोप बदलायचा आहे. धडाम् म्हणजे चिकन.

पहिल्याच आठवड्यात आईने मला हटकलं. "अरे, ती घाबरली की तू तिला खाऊ घालतोस. उद्या खाऊसाठी मुद्दाम भ्यायला लागेल." शंका अगदी रास्त होती आणि अनेक जाणती माणसंही ती काढतात. पण भीती ही कृती नाही, भावना आहे. दाढ काढताना कोणी आपला हात धरला म्हणून पुढच्या वेळी आपण हौसेने जास्त घाबरत नाही. बक्षिसाने कृती वाढते. भावना बदलते ती शेजारी काय येऊन बसतं त्यावर. तेव्हा घाबरलेलं कुत्रं जवळ आलं तर त्याला खुशाल कुशीत घ्यावं. लाडाने भीती वाढते ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

सराव आम्ही आषाढात सुरू केला. फटाके तेव्हा सहसा वाजत नाहीत आणि हातात तीन महिने असतात. आवाजाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर, आणि खाऊ एरवी कधीच न मिळणारा. हे दुसरं फार महत्त्वाचं. रोजच्या पोळीच्या तुकड्यावर सुतळी बॉम्बशी सौदा होत नाही. आमच्याकडे बिनमिठाचं उकडलेलं चिकन चाललं. ज्यांच्याकडे मांसाहार चालत नाही त्यांनी पनीर घ्यावं. ओळखीतल्या एका मालवणी घरात भाजलेल्या सुकटीचा चुरा वापरतात, तिच्या वासापुढे कुत्र्याला जग दिसत नाही. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं.

आवाज किती ठेवायचा? इतका कमी की आपल्याला हसू यावं. कुत्र्याचा एक कान हलला आणि ते पुन्हा पाय चाटायला लागलं, की मात्रा बरोबर. मान वळवून स्पीकरकडे टक लावली, तर जास्त झाला. उठून गेलं, तर खूपच जास्त. ज्या रेषेच्या अलीकडे कुत्रं खाऊ शकतं, आजूबाजूला बघू शकतं, ऐकू शकतं, त्या रेषेच्या आतच सगळं काम करायचं. रेषा ओलांडली की शिकणं थांबतं, उरतो फक्त जीव वाचवण्याचा खटाटोप.

मग क्रम. आवाज, एक-दोन सेकंद, मग चिकन. नेहमी याच ओळीने. मी पहिले पंधरा दिवस नेमकं इथेच चुकलो. फ्रिज उघडायचो, डबा काढायचो, हातात तुकडे घ्यायचो आणि मग मोबाइल लावायचो. खारीने पंधरा दिवसांत पक्कं शिकून घेतलं, की फ्रिज उघडला म्हणजे आता तो भयंकर आवाज येणार. तिने फ्रिजजवळ यायचंच सोडलं. चिकनने आवाजाला गोड करायचं, तर आवाजाने चिकनला कडू केलं. मग तुकडे आधीच वाटीत काढून कपाटावर ठेवायला लागलो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायला लागलो, आणि कधी आवाज न लावता नुसतंच फ्रिजजवळ उभं राहून तिला तुकडा द्यायला लागलो. केलेली चूक निस्तरायला महिना गेला.

एका वेळी आठ-दहा आवाज, पाच मिनिटांत आटोपायचं. दोन आवाजांमधलं अंतर सारखं नको. कधी सकाळी, कधी रात्री, कधी हॉलमध्ये, कधी स्वयंपाकघरात. नाहीतर कुत्रं "बाबा हिरवा टीशर्ट घालून मोड्यावर बसला की चिकन" एवढंच शिकतं. बदल करायचा तर एका वेळी एकच. आवाज वाढवला तर खोली तीच ठेवा, खोली बदलली तर आवाज एक पायरी खाली आणा. वाढवायचा कधी, हे कुत्रंच सांगतं. आवाज आला आणि त्याने तुमच्या हाताकडे "कुठाय?" अशा नजरेने पाहिलं, शेपटी सैल हलली, की निरोप पोचला. ही नजर सलग काही दिवस दिसली की एक काडी वर. गडबड झाली तर मुकाट्याने दोन काड्या खाली.

मध्ये भाद्रपद येतो. पुण्यात तर गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि आपला सगळा हिशेब उधळतो. त्या दिवसांत आम्ही मोबाइल बंद ठेवायचो. खरा आवाज आला की फक्त खाऊ द्यायचा, बाकी काही नाही. आणि गंमत म्हणजे हाच साधा उपाय जास्त चालतो असं दिसतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. खरा फटाका वाजला की लगेच खाऊ द्यायचा किंवा खेळायला लागायचं, हा उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी फरक पडल्याचं सांगितलं. स्वस्थ होण्याचा सराव करून घेणाऱ्यांत हे प्रमाण ६९ टक्के होतं, ध्वनिमुद्रण ऐकवणाऱ्यांत ५५ टक्के. मालकांनी स्वतः सांगितलेले हे आकडे, तेव्हा थोडं मीठ-मिरची धरून चालावं. तरी कारण पटण्यासारखं आहे. छातीत धक्का बसवणारा सुतळी बॉम्बचा खोल दणका मोबाइलच्या स्पीकरातून येतच नाही. ध्वनिमुद्रण ही फक्त तालीम.

स्वस्थ होण्याचा सराव म्हणजे काय? आम्ही एक जुनी गोधडी घेतली. खारीचा पाय चुकून जरी तिच्यावर पडला, की "बेस!" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. मग दोन पाय, मग चार, मग बसली तर, मग कुशीवर कलली तर, मग उसासा टाकला तर. हुकूम एकही नाही, दाबून बसवणं नाही. हवी ती गोष्ट घडली की त्या क्षणावर बोट ठेवायचं. "बेस" हा शब्द त्या बोटाचं काम करतो. छोटा, नेहमी एकाच सुरातला, आणि त्यानंतर खाऊ ठरलेला. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सामान्य वाचकांना ही युक्ती सांगितली, तेव्हा शब्दाऐवजी जत्रेत मिळते तसली पत्र्याची टिकटिक सुचवली होती. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ती कुत्रेवाल्यांमध्ये रुजवली. चार महिन्यांत गोधडी पसरली की खारीचा श्वास आपोआप मंद व्हायला लागला. ती गोधडी घेऊन आम्ही कोकणात जाऊन आलो, डॉक्टरांकडे जाऊन आलो. जिथे अंथरू तिथे तिचं घर.

खारी घरी आली त्याच वर्षी एका प्रशिक्षकांना बोलावलं होतं. त्यांनी साखळीचा फास गळ्यात घालून दोन हिसके दिले, ती पोटावर सपाट झाली. "बघा, मालक कोण ते कळलं," ते म्हणाले. ही कल्पना कुठून आली ते शोधलं तर बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात पोचतो. तिथल्या बंदिस्त लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लिहिलं, की कळपात सत्तेसाठी सतत झगडा चालतो. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती मांडणी पुढे नेली. नंतर त्याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वतःचीच चूक दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे पिंजऱ्यात कोंडले तर ते भांडणारच, चाळीत एका नळावर अनोळखी वीस बिऱ्हाडं आणून ठेवली तर दुसरं काय होणार? शास्त्रज्ञाने माघार घेतली, गल्लीतल्या प्रशिक्षकापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

हिसक्याने कुत्रं ऐकतं, हे खोटं नाही. ऐकतं म्हणून तर लोक हिसके देतात. प्रश्न किंमत काय पडते, हा आहे. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात सात प्रशिक्षणशाळांमधली ९२ घरगुती कुत्री निवडून काही संशोधकांनी तुलना केली, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. काही शाळा खाऊ-खेळावर चालणाऱ्या, काही हिसका-धाकावर. धाकाच्या शाळांतली कुत्री वर्गात जास्त वेळा ओठ चाटत होती, जांभया देत होती, आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं. त्याहून बोलका वाटला तो वाडग्याचा प्रयोग. कुत्र्यांना आधी शिकवलं, की या बाजूच्या वाडग्यात सॉसेज असतं, त्या बाजूच्या रिकामा असतो. मग वाडगा ठेवला अधल्यामधल्या जागी. तिथे काही मिळेल का? ज्यांच्यावर धाकाचा मारा सर्वाधिक होता, ती कुत्री तिकडे सावकाश गेली. चांगलं काही मिळेल ही आशाच त्यांच्यात कमी होती, आणि तीही वर्ग नसताना. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या वर्तनविषयक संघटनेने २०२१ साली सगळ्याच कुत्र्यांसाठी, चावऱ्या कुत्र्यांसाठीसुद्धा, फक्त बक्षिसावर आधारलेलं शिक्षण असावं असं जाहीर केलं. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्सने २०१० सालीच बंद केले.

आणि पोटावर सपाट झालेली खारी? १९६७ साली सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. नंतर सुटकेची वाट उघडी ठेवली, तरी त्यांतली बरीच कुत्री उठली नाहीत, पडल्या जागी झटके सोसत राहिली. ती आज्ञाधारक झाली नव्हती, त्यांनी हात टेकले होते. इथे थोडं थांबावंसं वाटतं. पावलोव्ह यांची कुत्री शस्त्रक्रिया करून लाळेसाठी नळ्या बसवलेली, सेलिगमन यांची झटके खाणारी. कुत्र्याला न दुखवता शिकवायची जी विद्या आज आपण वापरतो, तिच्या पायात ही कुत्री गाडलेली आहेत.

खारीच्या मांडीवरचे केस एका जागी चाटून गेले, तेव्हा मला कळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे दुखणं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं तर खुब्याचा सांधा दुखरा. मोठा आवाज झाला की अंग एकदम आखडतं, दुखऱ्या सांध्याला कळ जाते, आणि कुत्र्याच्या लेखी ती कळ आवाजानेच दिलेली असते. ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ साली नेमका हाच संबंध मांडला होता. ज्यांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं, त्या कुत्र्यांची आवाजाची भीती सरासरीने चारेक वर्षं उशिरा सुरू झालेली होती. तेव्हा इतकी वर्षं निवांत असलेलं कुत्रं अचानक फटाक्यांना भ्यायला लागलं, तर शिकवणी लावायच्या आधी तपासणी करावी.

औषधांबद्दल मनात अढी नसावी. धास्ती फार असेल तर डॉक्टर दिवाळीपुरती गोळी देतात. ती आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघावी, म्हणजे मात्रा कळते. फक्त नुसतं लोळवणारं औषध नको. एसप्रोमॅझिन नावाचं एक औषध फटाक्यांसाठी पूर्वी सर्रास द्यायचे. त्याने अंग लुळं पडतं, भीती आत जागीच राहते. कुत्रं भितं, पण हलू शकत नाही. आपल्या डब्यातली माणसांची गोळी तर चुकूनही देऊ नये.

प्रत्यक्ष दिवाळीत आम्ही काय करतो? नरकचतुर्दशीला पहाटेच माळा सुरू होतात, म्हणून त्या दिवशी फिरवायला सकाळी नऊनंतर. संध्याकाळचा फेरा चारलाच उरकतो. पट्टा आणि हार्नेस दोन्ही, आणि गळ्यात मोबाइल नंबरचा बिल्ला, कारण भेदरलेलं कुत्रं गळपट्ट्यातून डोकं काढून मैलभर पळतं. पोटभर जेवण दुपारीच. पडदे ओढून पंखा जोरात आणि रेडिओ चालू. फराळाची ताटं उंचावर. चिवड्यातले बेदाणे, कांदा आणि भेटीत आलेलं चॉकलेट कुत्र्याला विष आहे. दाराशी पणती लावायला कोणीतरी दार उघडतं आणि कुत्रं निसटतं, म्हणून तेवढा वेळ ते आतल्या खोलीत.

घराबाहेरच्यांना मात्र आतली खोली नसते. आमच्या बिल्डिंगखाली तीन कुत्री आहेत. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांचा गट अशा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांच्या २०१७ च्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने वारंवार भेटताना काही कुत्र्यांना खाऊ दिला, काहींना डोक्यावरून हात फिरवला. विश्वास जास्त बसला तो हात फिरवणाऱ्यावर. ज्यांना दिवसातून चार वेळा "हाड्" ऐकावं लागतं, त्यांना हात फिरवून घेणं ही मोठीच मिळकत असणार. दिवाळीत या तिघांसाठी आम्ही जिन्याखालची मीटरची बाजू मोकळी ठेवतो, पोतं टाकतो, फटाके दुसऱ्या टोकाला वाजवायला मुलांना सांगतो. पोरं ऐकतात. मोठ्यांशीच हुज्जत घालावी लागते. भेदरलेल्या कुत्र्याला कोपऱ्यात गाठून कुरवाळायला मात्र जाऊ नये. त्याच्याकडे पाठ करून बसावं, यायचं तर ते येईल. आणि दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी जायचं, मग कुत्रं कितीही ओळखीचं असो.

साखळीबद्दल एक. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, कायम साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही मालकाचा गुन्हा धरला आहे. बंगल्यांच्या फाटकाशी बांधलेली 'राखणदार' कुत्री बघताना हे कलम आठवतं.

गेली खारीची चौथी दिवाळी. लवंगीची माळ लागली की ती आता उठून माझ्या खिशाकडे बघते. झाड, भुईचक्र, रॉकेट, सगळं गोधडीवर बसून निभावलं. लक्ष्मीपूजनाला साडेआठच्या सुमारास खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला, तिने तोंडातला चिकनचा तुकडा खाली टाकला आणि ती सरळ बाथरूममध्ये गेली. बादली आम्ही सकाळीच बाहेर काढून ठेवली होती. फरशी पुसून कोरडी केली होती. मी गोधडी उचलून आत नेली, तिच्या शेजारी अंथरली आणि चिकनची वाटी घेऊन दाराशी बसलो. सव्वानऊला तिने पहिला तुकडा खाल्ला.